आरशावरचा कागद

पवित्र गुरुवार, संध्याकाळ

तोंड कुठे लपवू? येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे आज फादर बारा जणांचे धुतात; यंदा त्यांत मला निवडलं. वेदीपुढे बसलो, उजवा मोजा काढला, तर रक्त! नव्या मोज्यातली टाचणी टाचेत रुतलेली. घरापासून चर्चपर्यंत तिच्यावर चालत गेलो आणि मला पत्ता नाही.

फादर हळूच म्हणाले, "अंकल, दुखत नाही?" त्यांचा पांढरा टॉवेल लाल झाला. पहिल्या बाकावरून माझी बायको फिलोमिना बघत होती.

शुगरमुळे पायांची जाणीव कमी झालीय, रोज आरशात तळवे बघा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच दिवशी फिलोमिनाने आरसा आणला. रोज विचारते, "तळवे बघितले?" मी टीव्हीवरून नजर न काढता म्हणतो, "बघितले गं." आरसा कपाटामागे, दुकानातल्या कागदासकट. आळस? छे. काहीतरी दिसेल म्हणून घाबरत होतो. एवढा मोठा बाप्या मी!

घरी आल्यावर फिलोमिनाने थेट कपाटामागे हात घातला. आरसा काढला, टराटरा कागद फाडला, पायासमोर टेकवून ठेवला. जखम धुतली, पट्टी बांधली. उद्या सकाळी दवाखाना. मग तळव्याला बोट लावून म्हणाली, "हे तरी कळतंय?"

काहीच कळत नव्हतं. मी आरशात बघितलं, बोट कुठे आहे ते. म्हटलं, "हो, करंगळीखाली."

केवढी खूश झाली बिचारी.