रोजच्या चार बाटल्या

प्रिय शेखर,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितोय. अण्णा, तुम्ही आराम करा, मी डॉक्टरांशी बोलतो, एवढं म्हणून ठेवून देतोस. कागदाला इथे तोटा नाही. माझ्या रिपोर्टांचा ढीग उशाशी पडलाय, त्यांच्याच कोऱ्या पाठीवर लिहितोय. वॉर्डातल्या कुसाबाई मावशी याचे फोटो काढून तुला पाठवणार आहेत. तिकडे बेंगळुरूत ऑफिसात बसून घाईत वाचू नकोस, घरी जाऊन वाच.

तापासाठी मला भरती केलं, तो ताप तिसऱ्या दिवशी गेला. आज अकरावा दिवस आहे. खोकला नाही, जेवण जातं, जिन्यापर्यंत दोन फेऱ्या मारतो. तरी रोज सकाळी सहाला दंडाला पट्टा आवळतात आणि चार छोट्या बाटल्या भरून रक्त नेतात. डावा हात काळानिळा झाला, आता उजव्यावर आलेत. थायरॉइड काय, कावीळ काय, रोज सगळं तपासायचं आणि रोज सगळं नॉर्मल यायचं. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं मी माल तपासला. शंभरातला एखादा नग काढून मोजायचो. तोच तो नग रोज मोजत बसलो असतो, तर साहेबांनी मला घरी बसवलं असतं.

परवा हिमोग्लोबिन बारावरून दहावर आलं आणि झाली धावपळ. आत कुठेतरी रक्त जातंय म्हणे, उद्या दुपारी दुर्बीण घालून पोट बघायचं, नंतर आतडी. तेजल म्हणून इथे एक शिकाऊ डॉक्टर आहे, ती हळूच म्हणाली, "काका, त्यातलं थोडं तर आम्हीच काढलंय." मग थांबव की बाई, म्हटलं. तेव्हा तिने खरं काय ते सांगितलं. तू पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांना फोनवर दम दिलास, एक जरी टेस्ट राहिली आणि अण्णांना काही झालं तर सोडणार नाही. त्यांनी फाईलवर लाल पेनने लिहिलं, रोज सगळं. आता ते खोडायचं कोणी? ते तुला घाबरतात, तेजल त्यांना घाबरते, सिस्टर त्या फाईलला. आणि मी पलंगावर पडून रोज हात पुढे करतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच बघ.

घरी जातो म्हटलं, तर नुसत्या पेशंटच्या सहीवर सोडत नाहीत, नातेवाईक लागतो. तो तू. आणि तू म्हणतोस, आणखी एक बघून घेऊ.

तू असा का वागतोस, ते मला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी तुझ्या आईचं पोट दुखत होतं. डॉक्टर सोनोग्राफी करू म्हणाले. मी म्हटलं, पित्त आहे, कशाला नसती थेरं, आणि मैनाला घरी घेऊन आलो. महिन्याने खरं दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, ती गेली. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं रे. म्हणून तर अकरा दिवस मुकाट्याने हात पुढे केला. वाटलं, काढू दे, शेखरच्या जिवाला शांतता मिळू दे.

पण आता मी भ्यायलोय. उद्या त्या दुर्बिणीत काही निघालं नाही, तर हे पुढचं काहीतरी शोधतील, आणि मी या पलंगावरून उठणारच नाही. तुझ्या आईच्या वेळी मी चुकलो. चार वर्षं तोंडातून निघालं नाही, आज लिहून देतो. ती तपासणी करायला हवी होती. ही आत्ता नको. उद्या दुपारच्या आत मोठ्या डॉक्टरांना फोन कर, सांग की रोजचं रक्त थांबवा, आठवड्याने एकदा बघा. तेव्हाही कमीच निघालं तर मी आपल्या पायाने दुर्बिणीला येईन, तुझ्या आईची शपथ. तोवर मला घरी जाऊ दे.

तुझाच,
अण्णा