जागा चुकलेलं अस्तर

४ मार्च
संडासला पुन्हा रक्त! आज दुर्बीण घातली — कुठून, ते लिहीत नाही. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "गाठ कॅन्सरसारखी दिसतेय. तुकडा तपासायला पाठवू." मी विचारलं, "आता जेवलं तर चालेल?" मीही काय माणूस आहे!

दुकानात आलो. ही गिऱ्हाइकाच्या शर्टाला काजं करत होती. सगळं सांगितलं. वर पँट पोटाला रुततेय म्हणून कुरकुरलो. "काही होत नाही तुम्हाला," म्हणाली. मानही वर केली नाही. दगड आहे नुसती!

६ मार्च
पँट सैल! दोन दिवसांत! झिजतोय मी. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून स्वतःची कंबर आवळत बसलो.

८ मार्च
दुसरीही सैल. तीही आवळली. मोठी कात्री लेकीच्या हातात दिली. "आता दुकान तूच सांभाळ." ती म्हणाली, "बाबा, कात्रीला धार नाहीये."

९ मार्च
आवळलेली पँट परत सैल. संपलं सगळं.

१२ मार्च
कॅन्सर नाही! नाही! नाही! "जठराचं अस्तर आहे, जन्मापासूनच तिथं वाढलेलं," डॉक्टर म्हणाले. "आम्ल सोडतं, जखम होते, रक्त येतं. दिसतं अगदी कॅन्सरसारखं. दुर्बिणीतूनच काढून टाकू." म्हणजे जठराचा तुकडा थेट बसायच्या जागेपाशी! कोटाचं अस्तर कुणी पँटीला लावलं असतं तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. इथे जन्मभर तेच घेऊन हिंडतोय!

वजन केलं. वाढलंय! मग पँटी?

"अहो, मीच उसवून ढिल्या केल्या," ही म्हणाली. "पोटाला रुतते म्हणालात ना? तुम्ही आवळायचात, मी परत उसवायची."

स्वतःच्या कंबरेवर दुसऱ्याची शिवण, आणि मला पत्ता नाही. म्हणे टेलर! लेक हसून हसून लोळली.

१३ मार्च
ही बाजारात गेल्यावर पँटी उलट्या करून बघितल्या. हिची शिवण म्हणजे पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. गिऱ्हाइकं नाव घेतात. यातला एक टाका सरळ नाही. सगळे थरथरलेले. रडू आलं मला. आणि मी तिला दगड लिहून ठेवलंय.