आपट्याच्या उतारावरची माती

३ सप्टेंबर

अरीबचं डोकं फोडलं आज! माझ्या ओढणीवर अजून त्याचं रक्त आहे.

आपट्याला बिल्डर इंद्रजीतच्या प्लॉटवर माती तपासायला गेलो होतो, मी आणि अरीब. लॅब आमची दोघांची. तिथे उतारावर बंगले होणार, प्रत्येकाला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. पहिला खड्डा खणला — गुडघाभरही नाही, तर खालून पाणी! पिवळ्या चिकणमातीत राखाडी, तांबूस डाग. म्हणजे पावसाळाभर ती पाण्यातच असते. दुसऱ्या खड्ड्यात कातळाला भेग लागली. ओतलेलं पाणी क्षणात गायब! घाण गाळायला माती नाहीच. पाणी निघतं कुठे ते कळावं म्हणून भेगेत हिरवा रंग ओतला. उताराखाली विहीर आहे, इंद्रजीतच्या काकाची, दाजींची. आसपासची घरं तिथलंच पाणी पितात.

म्हटलं, "इथे शोषखड्डा चालणार नाही. सगळं विहिरीत जाईल."

"मॅडम, तुम्ही फक्त अहवालावर सही करायची," इंद्रजीत म्हणाला.

मी नाही म्हणाले. अरीब सामान आवरत होता. इंद्रजीतनं त्याच्या हातातलं माती काढायचं लोखंडी गिरमिट हिसकावलं आणि घातलं त्याच्या डोक्यात. माझ्याकडे बघत!

४ सप्टेंबर

अरीब शुद्धीवर आहे. त्याची आई, अमिरुन्निसा खाला, माझा हात सोडेना. "लिहून दे ना बेटी त्यांना पाहिजे ते. खुदा के वास्ते!" अरीब डोळे मिटूनच पुटपुटला, "सही नको करूस."

पोलिसांत तक्रार दिली. "बघतो," म्हणाले.

६ सप्टेंबर

सही करणार नाही.

७ सप्टेंबर

डाव्या हातानं लिहितेय. काय हे अक्षर!

दुपारी लॅबमध्ये एकटीच होते. इंद्रजीत आला, सोबत दोघं. मातीचे नमुने फरशीवर ओतले, बुटांनी तुडवले. माझ्या नावाचा अहवाल छापूनच आणला होता — 'जागा योग्य'. "कर सही." नाही. मग माझा उजवा हात धरून टेबलाच्या खणात घातला आणि लाथेनं खण बंद केला. दोनदा.

ओरडले का, आठवत नाही. बोटांचा आवाज आठवतो — ओली फांदी मोडावी तसा.

"आता कशी करशील?" हसला. आणि त्यानंच माझ्या नावानं सही ठोकली.

१० सप्टेंबर

प्लास्टर. तिकडे काम सुरू झालंय म्हणे — माझ्या नावावर! त्याचं नाव निघालं की मोडलेली बोटंसुद्धा शिवशिवतात.

११ सप्टेंबर

वेणूकाकीचा फोन. दाजींची बायको. पाणी तपासायची परवानगी मागायला मी विहिरीवर गेले होते तेव्हा नंबर दिला होता. "ताई, हिरीचं पानी हिरवंगार झालंय! ढोरं तोंड लावत नाय. आमी काय प्यावं?"

रंगानं काही होणार नाही, काकी. पण त्याच वाटेनं उद्या जे येईल —

सकाळी जाते.

१२ सप्टेंबर

आज लिहायचंच.

दाजी हिरव्या पाण्याची बादली घेऊन तरातरा वर चढले. मागे मी आणि काकी. कामगार जेवायला गेलेले, प्लॉटवर इंद्रजीत एकटाच.

"इंद्र्या, बग! तुझं पानी माझ्या हिरीत येतंय. उद्या गू येल!"

"घरी जा, म्हाताऱ्या."

दाजींनी बादली त्याच्या अंगावर ओतली. त्यानं त्यांची मान धरली, पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पाडलं आणि पाठीवर गुडघा रोवून तोंड चिखलात दाबलं. मी एका हातानं त्याचा शर्ट ओढला. कोपर बसलं तोंडावर. पडले. दात हलतोय.

काकी किंचाळत होती. "इंद्र्या, सोड! मी वाडवलाय तुला! माझ्या हातचं खाल्लंस!" आई गेल्यावर हिनंच सांभाळला होता त्याला. ऐकेना. दाजींचे पाय झाडायचे थांबले.

पहार तिथेच पडली होती. काकीनं दोन्ही हातांनी उचलली.

पहिल्या घावाला तो दाजींवरून कलंडला. दुसऱ्याला आडवा झाला. तिसऱ्याची गरज नव्हती. तोही घातला.

दाजींना दोघींनी ओढून काढलं. पाणी ओकले, मग श्वास घेतला. इंद्रजीत पालथा, तोंड पाण्यात. बोटं हलत होती अजून. काकी बघत उभी होती. मीही.

कोणी त्याला वर काढलं नाही.

१३ सप्टेंबर

जबाब झाला.

साहेब म्हणाले, "तुम्ही समोरच होतात. काय झालं?"

"चिकण आहे तिथली माती. काकाला बुडवताना त्याचाच पाय घसरला. डोकं कातळावर आपटलं."

"आणि दाजींची बायको?"

"ती खाली होती. विहिरीवर."