चहा पिऊन गेलेला माणूस

मंगळवार, संध्याकाळ

आज आईच्या भरपाईच्या केसमध्ये कोर्टात विमा कंपनीच्या वकिलानं मोबाईल पुढे केला. त्यात माझी आई आमच्याच स्वयंपाकघरात चालत होती. "देखिए, चल तो रही हैं!"

भनपुरीत आई बसलेल्या ऑटोला ज्या कारनं ठोकलं, त्या कारच्या विमा कंपनीचा हा पराक्रम. गेल्या आठवड्यात मी ऑफिसात असताना एक माणूस घरी आला. कंपनीचं नाव काढलं नाही. "माताजी, हालचाल पूछने आया हूँ." आणि आईनं त्याले चहा करून दिला! सळई घातलेल्या पायानं, ओट्याला धरत धरत. तो मागून व्हिडिओ काढत होता.

घरी येऊन ओरडलीच मी. "वॉकर काहून सोडला?"

"पाहुण्यासमोर कशाले लंगडायचं?"

चहा पिऊन गेला तो! नंतर आई दुपारभर पाय धरून पडून होती, ते कोणी दाखवलं नाही.

पत्ता विचारायला त्यानंच आईले फोन केला होता, म्हणून नंबर होता. लावला. "दीदी, हम तो ड्यूटी कर रहे थे."

मी शिव्याच देणार होती. आईनं फोन हिसकावला.

"भैया, फिर आइए. अबकी बार सीढ़ी चढ़के दिखाती हूँ. आप नीचे खड़े रहना, गिरूँ तो पकड़ना."

त्यानं फोन कापला. आई म्हणाली, पुढच्या तारखेले मीच येते कोर्टात.