गुडघ्याचा फोटो

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

करार झाला! दोन वर्षं कॉलेजच्या फुटबॉल स्पर्धांत सर्वांत जास्त गोल मारले, त्याचं चीज झालं. क्लबच्या डॉक्टरांनी उठाबशा काढायला लावल्या आणि आधी काही दुखापत झाली होती का विचारलं. नाही म्हणून मोकळा झालो. तुझ्या हॉस्पिटलात, एक्स-रेच्या खोलीत तू गुपचूप काढलेला माझ्या गुडघ्याचा फोटो तेवढा कपाटात राहू दे. बाबांपाशीही अवाक्षर काढू नकोस.

जर्सी इतकी ढगळ मिळालीय की भाऊजींचं पोटसुद्धा आरामात मावेल. त्यांना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा
भिंगरी

१२ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

भाऊजींच्या पोटाला नावं ठेवू नकोस, ते माझ्या स्वयंपाकाचं प्रमाणपत्र आहे. बाबांनी पेपरातलं तुझं नाव कापून त्यांच्या छापखान्यात यंत्रावर चिकटवलंय. येईल त्याला दाखवतात.

माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही. हाडाचा कपचा सुटलाय, ऑपरेशन करून वर्षभर खेळ बंद ठेवा, नाहीतर पाय कायमचा अधू होईल, असं आमच्या डॉक्टरांनी फोटो बघून बजावलं होतं. तुझं म्हणणं, क्लब वर्षभर थांबत नसतो. काल मी क्लबच्या डॉक्टरांना सगळं लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि बाबांचा चेहरा आठवून फाडून टाकलं. तुझ्या सुखात मी कशी माती कालवू? जपून खेळ रे.

जीव टांगणीला लागलेली,
ताई

२१ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

तिसऱ्या सामन्यात गोल! रोज संध्याकाळी बर्फाच्या बादलीत पाय घालून बसतो, पण ते बाबांना कळवू नकोस. घाईत आहे, रागावू नये.

भिंगरी

९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पाचवा सामना आम्ही टीव्हीवर पाहिला. कुणाचा धक्काही लागला नाही, तू नुसता वळलास आणि खाली बसलास. बूट सैल झाला असेल, असं बाबा म्हणाले. मला कळून चुकलं होतं.

क्लबने करार मोडल्याचं पेपरातच वाचलं. काल बाबांना फोटोचं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पोरगी लोकांची हाडं तपासते याचा मला केवढा अभिमान होता, एवढंच म्हणाले आणि जेवणावरून उठले. तूही हवं ते सुनाव, पण उत्तर दे.

अपराधी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन वर्षं तुझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. इथे एका शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारतो, जाळ्या बांधतो. लंगडतो, पण रेघ सरळ येते.

काल संघातली एक मुलगी सुजलेला घोटा मोज्यात लपवून खेळत होती. मी शिक्षकांना सांगून तिला बाहेर काढलं. तिने मला वाट्टेल ते बोलून घेतलं, रडली. मग हळूच म्हणाली की बरं झालं, भीती वाटत होती.

मलाही वाटत होती, ताई. गुडघ्याचं बाबांना सोडून तुलाच का सांगितलं होतं, ते काल उमगलं. तू बोभाटा करशील, म्हणून. राग गेला असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला? राग आहे आणि तुझ्यावाचून करमतही नाही. सुट्टी काढून ये. लहानपणापासून माझं एक ऐकलं नाहीस. नेमकं ‘अवाक्षर काढू नकोस’ तेवढंच का ऐकलंस?

रागाखाली लोभ आहे, तो ओळखून घे.

तुझाच
भिंगरी