रफू शोधणारा कॅमेरा

४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
गुंडीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, या वेळी कारण खरोखरच आहे. फोनवर बाबांना ऐकू येत नाही आणि आई निरोप स्वतःच्या मनाने बदलते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी खुशाल आहे. लाँड्रीचं तळघर, वाफ, माझं रफूचं टेबल, वरची फडफडणारी ट्यूबलाइट, सगळं जिथल्या तिथे आहे. बातमी अशी की इथल्या संग्रहालयाला त्यांच्या जुन्या कापडांसाठी रफूगार हवा आहे. मोठ्या खिडकीची खोली, दिवसाउजेडीचं काम आणि दीडदोनशे वर्षांचं कापड हाताशी. बाबा, मला ही नोकरी हवी आहे. इतकं मला आजवर काहीच हवं झालेलं नाही. त्यांनी उमेदवाराने स्वतः केलेल्या तीन रफूंचे अगदी जवळून काढलेले फोटो छापून मागवले आहेत, वीस तारखेच्या आत.

आता माझा फोन आणि कात्री गेली दोन वर्षं ॲप्रनच्या एकाच खिशात नांदताहेत. त्यामुळे फोनच्या भिंगावर इतक्या रेघोट्या आहेत की कशाचाही फोटो काढला तरी धुक्यातला वाटतो. म्हणून जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने दोन कॅमेरे पुढे ठेवले आणि म्हणाला की दोन्ही घरी न्या, दहाबारा दिवस वापरा, जुन्या कॅमेऱ्याचा स्वभाव सोबत राहिल्याशिवाय कळत नाही.

एकाचं नाव मी चपटा ठेवलंय. चंदेरी, देखणा, मुठीत मावणारा, चौदा मेगापिक्सेल. दुसरा ढोल्या. काळा, चपट्यापेक्षा पाच वर्षांनी म्हातारा, मेगापिक्सेल आठच. चार पेन्सिल सेल खातो, दोन तासांत पुन्हा उपाशी, आणि चालू करताना घसा खाकरल्यासारखा आवाज करतो. पण भिंग कापडाला जवळजवळ टेकवलं तरी कुरकुर करत नाही. कुठला घेऊ ते कळवा.

लोभ आहेच, तो आहे तिथेच असू द्या. उत्तर मात्र तिथून हलू द्या.

तुमची,
गुंडी


८ नोव्हेंबर

चि. गुंडी हीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद, आणि आईचे त्याहून एक जास्त, असं तिने शेजारी बसून लिहायला लावलं आहे.

पत्र वाचून ऊर भरून आला. तुझा हात चांगला आहे हे मी तोंडावर कधी बोललो नाही, कारण मग तू टाके मोठे घालायला लागली असतीस. आता लिहून देतो, चांगला आहे.

कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण परीक्षा कशी घ्यायची ते कळतं. आईचा निळा लोकरी कोट तुझ्याकडेच आहे ना? तुझ्या जन्माआधी त्याला इस्त्रीने अंगठ्याएवढं भोक पडलं होतं. इस्त्री कुणाच्या हातात होती यावर घरात अजून दुमत आहे. ते भोक मी रफू केलं. पस्तीस वर्षं घरी येईल त्याच्यापुढे तो कोट टाकून मी रफू शोधायला सांगितलाय. तुझ्या मामाने जेवण थंड करून घेतलं, शेजारच्या शिंप्याने अर्धा तास घालवून हात टेकले. तुलाही मी जागा कधी सांगितलेली नाही.

तर दोन्ही कॅमेरे त्या कोटावर चालव. ज्याला रफू सापडेल तो घे. माझ्या मते दोघांनाही सापडणार नाही, तेव्हा मग उचलायला हलका असेल तो घे.

आईचं म्हणणं, तळघरातून वर आलीस की कान झाकत जा. तूर्त इतकंच, बाकीचं प्रेम पुढच्या पाकिटात.

तुझे,
बाबा


१२ नोव्हेंबर

ती. बाबा व आई यांस,
गुंडीचा सा. न. वि. वि.

सापडला.

लहानपणी मी तो कोट कितीदा पालथा घातला असेल. हाताला काम आल्यावर मात्र मी मुद्दामच कधी शोधला नाही. सापडला असता तर तुमच्यासमोर काय तोंड करायचं, ही धास्ती होती. पण आता तुम्हीच सांगितलंत, म्हणून रविवारी सकाळी कोट खिडकीतल्या टेबलावर पसरला आणि गळ्यापासून वीत वीत सरकत दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले.

चपट्याने माझी फार करमणूक केली. त्याच्या फोटोत कोट आज दुकानातून आणल्यासारखा दिसतो. रफू तर सोडाच, बाह्यांवरचे लोकरीचे गोळेसुद्धा गायब. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला की या कॅमेऱ्याला बारीक रेघा म्हणजे कचरा वाटतो, म्हणून तो फोटो ठेवण्याआधी त्या पुसून सगळं गुळगुळीत करतो. म्हणजे बघा, हा स्वतःच रफू करतो आणि विचारतही नाही.

ढोल्याचे मध्येच सेल संपले, ते बदलले. तेविसाव्या फोटोत डावी बाही आली. कोपराखाली चार बोटं. उभे धागे सोळा, आडवे अठरा. मी एकटीच घरात मोठ्याने हसले. बाबा, काय हात आहे तुमचा. छापलेला फोटो सोबत जोडला आहे.

पण पुढचं ऐका. मग मी माझी तीन कामं लावली. चपट्याच्या फोटोत तिन्ही जागा जशा काही कधी फाटल्याच नव्हत्या. ढोल्याच्या फोटोत माझा धागा कुठे शिरला, कुठे वळला, कुठे संपला, सगळं उघडं. संग्रहालयाला असं पाठवलं तर ते म्हणतील की बाईला काम येत नाही. दोघांच्याही फोटोंच्या प्रती सोबत आहेत, बघून सांगा, चपट्याचे पाठवू की ढोल्याचे? वीस तारीख जवळ आली आहे, लवकर लिहा.

रागावू नका, आणि लोभ कमी करायचा असलाच तर वीस तारखेनंतर करा.

तुमची,
गुंडी


१५ नोव्हेंबर

चि. गुंडी हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र व फोटो पोचले. तो काळा कॅमेरा बिघडलेला दिसतो. जे माणसाच्या डोळ्याला दिसत नाही ते दाखवणारं यंत्र रफूगाराच्या घरात कशाला हवं? आपल्या कामाचं सगळं सुख ते न दिसण्यात आहे. चपटा घे आणि त्याचेच फोटो पाठव.

माझी तब्येत ठीक. हवा ठीक.

बाबा

ता. क. गुंडे, मी आई. हे फुगून बसले आहेत, दुसरं काही नाही. दोन वेळा जेवणावरून उठले. तो फोटो वर्तमानपत्राखाली ठेवलाय असं त्यांना वाटतं, पण सकाळ झाली की भिंग घेऊन खिडकीशी तोच बघत बसतात. मला विचारशील तर मला तो फोटो आवडला. पस्तीस वर्षं तो कोट घातला, पण यांनी त्यावर किती जीव ओतला होता ते मला आत्ता कळलं. तेव्हा म्हणाले होते की काय, दोन टाके तर घातले. कान झाकतेस ना?


१८ नोव्हेंबर

ती. बाबा व आई यांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. तुम्ही सांगितलंत तसं केलं. चपट्याचे तिन्ही फोटो आज टपालात टाकले. फार सुंदर दिसतात. पाकीट चिकटवताना उगाच मन खात होतं, पण तुम्ही चाळीस वर्षं हे काम केलंत, मी सहाच. आईला सांगा की कान झाकते. बाबा, जेवा.

गुंडी


१८ नोव्हेंबर

चि. गुंडी हीस,
अनेक आशीर्वाद.

आधी मागचं पत्र फाडून टाक. ते रागात लिहिलं होतं, आणि राग तुझा नव्हता.

तो फोटो मी चार दिवस भिंगाखाली बघतोय. अकराव्या आडव्या धाग्यात एक चूक आहे. जिथे खालून जायचं तिथे मी वरून गेलोय. फोटो बघून कळलं असं लिहिलं असतं, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. ती मला त्याच दिवशी कळली होती. उसवायचा कंटाळा केला, दिवस मावळत आला होता. आणि पाहुण्यांचं म्हणशील, तर मी प्रत्येकाला दारालगतच्या खुर्चीत बसवायचो, म्हणजे डावी बाही सावलीत पडायची. शिंप्याला तर मी आधी उजवी बाही हातात दिली होती. आई हे सगळं पहिल्या पाहुण्यापासून जाणून होती, असं आज तिने मला हसत हसत सांगितलं. पस्तीस वर्षं एक अक्षर बोलली नाही.

म्हणून सांगतो, चपट्याचे फोटो पाठवू नकोस. त्यात तू कुठेच नाहीस. कापड धड आहे एवढंच दिसतं, आणि धड कापडाला कोण नोकरी देणार? ढोल्याच्या फोटोत तुझे धागे दिसतात. मी ते नीट बघितले. तिन्ही कामांत कुठेही माझ्यासारखी चूक नाही. तू उसवून पुन्हा केलेलं आहेस हेही एका ठिकाणी दिसतं. मला तुझा अभिमान वाटला.

हे पत्र वेळेत पोचो. आईने आज मला दोनदा वाढलं, त्यावरून घरातला लोभ वाढला आहे असं समजावं.

तुझे,
बाबा


२७ नोव्हेंबर

ती. बाबा व आई यांस,
गुंडीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र एकवीसला पोचलं. चपट्याचे फोटो तोवर गेले होते. जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं की बरं वाटत नाही का, तर मी म्हणाले की वडिलांनी शाबासकी दिली आहे.

चोवीसला संग्रहालयातून पाकीट परत आलं. सोबत चार ओळी होत्या, की आम्ही रफूचे फोटो मागवले होते, हे तर धड कापडाचे आहेत, काम दिसत नसेल तर पारखायचं कसं. बाबा, जवळजवळ तुमचेच शब्द. खाली मात्र लिहिलं होतं की दुसरे फोटो असतील तर तीन दिवस थांबू. मी लाँड्रीच्या मालकांना सांगून अर्ध्या तासासाठी सुटले, धावतच गेले आणि ढोल्याचे तिन्ही फोटो हाताने देऊन आले. दारावरचा रखवालदार म्हणाला की एवढं धापा टाकत इथे कुणी येत नाही.

आता वाट बघणं आलं. हातातली सुई आजकाल दोनदा टोचते. तुम्हा दोघांचा लोभ या आठवड्यात जरा जास्त लागेल, तेव्हा हात आखडता घेऊ नका.

तुमची,
गुंडी


१६ डिसेंबर

ती. बाबा व आई यांस,
गुंडीचा शि. सा. न. वि. वि.

आईने फोनवरची बातमी तुम्हाला बरोबर सांगितली की त्यातही बदल केला, ते माहीत नाही. म्हणून पुन्हा लिहिते. नोकरी मिळाली. एक तारखेपासून जाते आहे. खिडकी इतकी मोठी आहे की पहिले दोन दिवस डोळे चोळत होते.

वस्त्रदालनाच्या बाई करड्या आवाजाच्या आहेत, पण मनाच्या मोकळ्या. मुलाखतीत त्यांनी ढोल्याचे फोटो टेबलावर मांडले आणि धागे मोजले. म्हणाल्या की इथला रफू हातभर अंतरावरून दिसता कामा नये, पण भिंगातून दिसलाच पाहिजे. नाहीतर पुढे हे कापड हाती घेणाऱ्याला मूळ धागा कुठला आणि आपला कुठला हे कसं कळणार? बाकी बऱ्याच जणांचे फोटो गुळगुळीत होते म्हणे. मग विचारलं की कुणाकडे शिकलात. मी सांगितलं.

ढोल्या विकत घेतला, चपटा परत केला. दुकानदाराने त्यावर आठ सेल फुकट दिले, ते चार दिवस पुरले.

माझं पहिलं काम एका जुन्या पलंगपोसाचा कोपरा होता. बारा दिवस लागले. इथे प्रत्येक कामाचं एक जाड कार्ड करतात. त्यावर जागेचा फोटो चिकटवायचा, तारीख घालायची आणि रफू कुणी केला ते पूर्ण नावासकट शाईने लिहायचं. कार्ड कापडाबरोबर त्याच खणात राहतं, कायमचं. मी आधी कच्च्या कागदावर तीनदा लिहून पाहिलं, मग कार्डावर उतरवलं. ढोल्याने त्या कार्डाचाही फोटो काढला, तो सोबत पाठवते.

तुमचा लोभ मला पोचतो आहे, याची ही पोच समजा.

तुमची,
गुंडी


२१ डिसेंबर

चि. गुंडी हीस,
बाबांचे आणि आईचे अगदी सारखे आशीर्वाद. आज कुणीही एक जास्त मागितला नाही.

कार्डाचा फोटो मिळाला. पलंगपोसाचा कोपरा आधी बघितला. अठ्ठावीस आडवे धागे मोजले, एकही चुकलेला नाही. मग खाली वाचलं.

मी चाळीस वर्षं लोकांच्या कोटांत, शालींत, विजारींत काम केलं, पण नाव कुठेच लिहिलं नाही. लिहायला जागाच नव्हती आणि मला ती कधी हवीशीही वाटली नव्हती, असं मी समजत होतो. कार्डावर आधी तुझं नाव आहे, मग माझं, मग आडनाव. तुझ्या अक्षरात, एकाच शाईत. ती ओळ मी आईला दोनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा तिने मला वाचून दाखवली, कारण मला रडू आलं होतं आणि अक्षरं दिसत नव्हती.

पुढचं काम झालं की त्याचंही कार्ड पाठव.

तुझे,
बाबा