अहवालात नसलेलं वाक्य

४ मार्च
सहाची एसटी धरून दीपनगरहून धुळ्याला. कोर्टातल्या भेटीच्या खोलीत तासभर बसले, तनू आलीच नाही. ताप आहे म्हणे. तिच्या बापाने त्याच्या वकिलाला कळवलं, मला कोण कळवणार! नऊ वर्षांची माझी पोर, ताप किती तेही…

१८ मार्च
आणली आज. उंच झालीय. केस पार कापून टाकलेत. बापाला वेणी येत नाही, मग काय, मिटवली कटकट.
समुपदेशकबाई नव्या, कोल्हापूरकडच्या. त्यांच्यासमोर तनू धडा म्हटल्यासारखं बोलली, "मला आईकडे जायचे नाही. मी इथे आनंदी आहे." जायचे! आमच्यात कोण बोलतं असं? तिथे रडले नाही. एसटीत पारोळ्यापर्यंत रडले.

२२ मार्च
सुट्टीत आठ दिवस तनू मिळावी म्हणून अर्ज केलाय. फ्रॉक बेतला. खांदा अंदाजानेच. फार आठवते. जवळ घ्यावीशी वाटते, बस.

१ एप्रिल
भेट. वीस मिनिटं दोघी चित्र रंगवत. मग मान वर न करता, आमच्या अहिराणीत, हळूच:
"माय, माले आठे करमत नही."
इथे करमत नाही तिला, बापाकडे. बाईंचं पेन थांबलं. "काय म्हणाली?"
बाप दाराबाहेर. बाई लिहितील ते तो वाचणार, आणि पोर जाणार त्याच्याच घरी. तनू माझ्याकडे बघत होती. दोन भेटींत पहिल्यांदा.
म्हटलं, "हिरवा रंग संपला म्हणतेय."

३ एप्रिल
माझ्या वकीलबाईंना खरं काय ते सांगितलं, तर चिडल्या. हेच तर हवं होतं, म्हणाल्या, तुम्ही आपल्या हाताने घालवलंत. अहवालात आलंय, मुलगी आईकडे जाण्यास अनिच्छुक. मूर्ख आहे का मी? असेन.

१५ एप्रिल
उद्या न्यायाधीशबाई तनूशी एकटीशी बोलणार, मग सुट्टीचं ठरवणार. त्यांना अहिराणी कळते का, वकीलबाईंना विचारलं. माहीत नाही म्हणाल्या.
तनू कुठल्या भाषेत बोलेल?
फ्रॉक पिशवीत भरला. बाजारातून रंगपेटी आणली. हिरवे दोन आहेत तिच्यात.